सैनिक की गिऱ्हाईक?

११ मे १९९५. लॉस एंजेलिसमध्ये ई-थ्री हे व्हिडिओ गेमच्या धंद्याचं प्रदर्शन पहिल्यांदाच भरलं होतं. सेगा कंपनीने तिथे जाहीर केलं की सॅटर्न हे त्यांचं नवं कन्सोल ३९९ डॉलरला मिळेल, आणि काही दुकानांत ते आजपासूनच ठेवलं आहे. मग सोनीची पाळी आली. प्लेस्टेशन अमेरिकेत यायला अजून चार महिने होते. स्टीव्ह रेस नावाचे सोनीचे अधिकारी माइकपाशी आले, '२९९' एवढा एकच आकडा म्हणाले आणि परत फिरले. सभागृहात टाळ्यांचा कडकडाट झाला.

पुढे जानेवारी २००१मध्ये सेगाने कन्सोल बनवणं थांबवत असल्याचं जाहीर केलं. त्याला कारणं बरीच होती, सगळं खापर त्या एका आकड्यावर फोडता येणार नाही. पण ते एका शब्दाचं भाषण मला फार आवडतं, कारण त्यात कंपनी गिऱ्हाइकाशी गिऱ्हाईक म्हणूनच बोलते. आमची वस्तू शंभर डॉलरने स्वस्त आहे, बघा पटतंय का. विषय संपला.

एरवी या धंद्याभोवतीची भाषा अशी नसते, ती युद्धाची असते. 'कन्सोल वॉर' हा शब्द आपण इतक्या सहज वापरतो की त्यातला 'वॉर' ऐकूही येत नाही. त्यात दोन छावण्या असतात, झेंडे असतात, विजय आणि पराभव असतात, अधूनमधून गद्दारही निघतात. मी स्वतः गेल्या दहा-बारा वर्षांत या विषयावर हॉस्टेलच्या खोल्यांत, ऑफिसच्या कॅन्टीनमध्ये आणि लग्नाच्या पंगतीतसुद्धा वाद ऐकले आहेत. त्यामुळे एक प्रश्न मला बरेच दिवस छळतोय. या युद्धात मी नक्की कोण असतो? पैसे मोजणारं गिऱ्हाईक, की फुकट लढणारा सैनिक? आणि यातला मी जो कुणी असेन, त्यावर माझे पैसे वसूल होणं-न होणं अवलंबून असतं का?

भांडण आलं कुठून

ऐंशीच्या दशकाच्या शेवटी अमेरिकेत घरातला व्हिडिओ गेम म्हणजे निन्टेन्डो असंच समीकरण होतं. १९८९मध्ये सेगाचं जेनेसिस तिथे आलं, आणि १९९०पासून सेगाने थेट निन्टेन्डोचं नाव घेऊन, त्या नावावरच कोटी करून जाहिराती सुरू केल्या. निन्टेन्डोला जे जमत नाही ते आमचं यंत्र करतं, असा त्यांचा मथितार्थ. वरवर ही यंत्रांची तुलना होती. पण त्यात शाळकरी पोरांसाठी एक वेगळा निरोप होता: ते खेळणं लहान मुलांचं, आमचं मोठ्या मुलांचं. तुझ्या टीव्हीखाली कोणतं खोकं आहे त्यावरून तू कोण आहेस ते कळतं.

ही खरी नवी गोष्ट होती. 'कोणतं यंत्र चांगलं' या प्रश्नाचं उत्तर बदलता येतं. उद्या दुसरं चांगलं यंत्र आलं की आपण मत बदलतो, त्यात कुणाची लाज जात नाही. पण 'मी कोण' या प्रश्नाचं उत्तर दर दोन वर्षांनी बदलता येत नाही. एकदा का खरेदी ओळखीला चिकटली की मत बदलणं म्हणजे पक्षांतर ठरतं.

आपल्याकडे हे भांडण उशिरा आलं, आणि त्याचं कारण गमतीशीर आहे. माझ्या लहानपणी आमच्या गावात ज्याला 'व्हिडिओ गेम' म्हणत, ते यंत्र म्हणजे निन्टेन्डोच्या जुन्या कन्सोलची नक्कल असायची. कुणी बनवली हे विकणाऱ्यालाही माहीत नसे. पिवळ्या कॅसेटवर '९९९९ इन १' असं छापलेलं असायचं आणि आत तेच दहा-वीस गेम नावं बदलून पुन्हा पुन्हा यायचे. मारिओ, कॉन्ट्रा, बदकं मारायची बंदूक. मारिओ कोणत्या कंपनीचा आहे हे आम्हाला ठाऊक नव्हतं, त्यामुळे त्याच्यावरून कुणाशी भांडायचा प्रश्नच नव्हता. भांडण व्हायचं ते 'आता माझी बारी' यावरून.

अधिकृत किमती लागल्या, इंटरनेट आलं, आणि मग आपणही छावण्यांत वाटले गेलो. नोव्हेंबर २०२०मध्ये एक्सबॉक्स सिरीज एक्स भारतात ४९,९९० रुपयांना आला, छोटा सिरीज एस ३४,९९०ला. फेब्रुवारी २०२१मध्ये पीएस फाइव्ह आला, तोही ४९,९९०लाच, आणि डिस्क ड्राइव्ह नसलेला ३९,९९०ला. एका मध्यमवर्गीय घरासाठी हा आकडा खेळण्याचा नाही, फ्रिजचा आहे.

मावशीचा प्रश्न

माझा मावसभाऊ इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला आहे. इंटर्नशिपच्या स्टायपेंडमधून त्याने पैसे साठवले, आणि एके रात्री मला मेसेज केला: "दादा, पीएस फाइव्ह घेऊ की एक्सबॉक्स?" सोबत एक तक्ता जोडला होता. एका रकान्यात १२ टेराफ्लॉप, दुसऱ्यात १०.२८. स्टोरेज, फ्रेम रेट, सबस्क्रिप्शन, सगळं व्यवस्थित भरलेलं. पोरगा माझ्याच वळणाचा.

दुसऱ्या दिवशी मावशीचा फोन आला. तिला टेराफ्लॉपशी देणंघेणं नव्हतं. तिने एवढंच विचारलं, "का रे, एवढ्याचं खेळणं घेऊन पैसे वसूल होतात का?"

दोघांच्या प्रश्नांत मला मावशीचा प्रश्न जास्त अवघड वाटला. भावाच्या प्रश्नाला तक्ता पुरतो. मावशीच्या प्रश्नाला आधी 'वसूल' म्हणजे काय ते ठरवावं लागतं.

आपण नोकरदार इंजिनिअर मंडळी याचं उत्तर भागाकाराने देतो. समजा यंत्र पन्नास हजारांचं. चार वर्षांत पाच मोठे गेम घेतले, नवा असताना एकेक जवळपास पाच हजारांना, म्हणजे पंचवीस हजार. एकूण पंचाहत्तर हजार. आठवड्याला पाच तास खेळलो तर चार वर्षांत सुमारे हजार तास होतात. म्हणजे तासाला ७५ रुपये. मल्टिप्लेक्समध्ये एवढ्यात पॉपकॉर्नही येत नाही. सिद्ध झालं, पैसे वसूल!

हे गणित दिसायला चोख आहे, पण त्यात दोन घोळ आहेत.

पहिला घोळ अंशात आहे. आपण यंत्राची किंमत ही मुख्य किंमत धरतो, पण ती बऱ्याचदा प्रवेश फी असते. २०२१मध्ये अमेरिकेत एपिक आणि अ‍ॅपल यांच्यातला खटला चालू होता. त्यात मायक्रोसॉफ्टच्या लोरी राइट यांनी साक्षीत सांगितलं की एक्सबॉक्स यंत्राच्या विक्रीतून कंपनीने कधीच नफा कमावलेला नाही. मग कमाई कशातून? गेमच्या विक्रीतल्या वाट्यातून, सबस्क्रिप्शनमधून, दुकान त्यांचंच असल्यामुळे मिळणाऱ्या कमिशनमधून. म्हणजे ज्या खोक्यांची तुलना करत आपण रात्री जागवतो, ती खोकी विकणं हा धंद्याचा मुख्य भाग नाहीच. खोकं घरात आल्यानंतरची पाच-सात वर्षं हा धंदा आहे. आपण दाराची किंमत तपासतो आणि भाडं विचारायचं विसरतो.

दुसरा घोळ छेदात आहे, आणि तो मला नैतिकदृष्ट्या जास्त गंभीर वाटतो. या भागाकारात तास खाली असतात. म्हणजे एखादा गेम माझा जितका जास्त वेळ खाईल, तितका तो 'स्वस्त' ठरतो. एकच काम पन्नास वेळा करायला लावणारा गेम इथे उत्तम ठरतो. 'जर्नी' हा २०१२चा गेम साधारण दोन तासांत संपतो. वाळवंटातून एका डोंगराकडे चालत जायचं, वाटेत कुणी अनोळखी खेळाडू भेटतो, त्याच्याशी एक शब्दही बोलता येत नाही, तरी सोबत होते. तो खेळून वर्षं झाली तरी त्या सोबतीची आठवण माझ्याजवळ आहे. माझ्या भागाकारात हा गेम महाग. आणि रोज लॉगिन केल्याबद्दल खोटी नाणी वाटणारा, तीनशे तास गिळूनही काहीच मागे न ठेवणारा गेम मात्र अगदी किफायतशीर.

वेळ हा परतावा नाही, ती दुसरी किंमत आहे. पैसे एकदा दिले, तास रोज देतोय. नोकरी लागल्यावर हे नीट कळतं. पैसे थोडेफार वाढतात, संध्याकाळी तेवढ्याच राहतात.

मग मावशी 'वसूल' कशाला म्हणत असावी? तिच्या घरातल्या वस्तू बघितल्या की उत्तर सापडतं. तिचं शिलाई मशीन आजीकडून आलं. मिक्सर शेजारी दोनदा जाऊन आला. भावाची सायकल धाकट्या चुलतभावाकडे गेली. तिच्या हिशेबात वस्तू वसूल होते ती वापरून, उसनी देऊन, पुढच्याला देऊन, आणि शेवटी मोडीत घालून. किमतीत हे सगळे हक्क धरलेले असतात. ते कुणी लिहून देत नाही, कारण आजवर ते कुणी काढूनही घेतले नव्हते.

टाळ्यांच्या आवाजात

ते हक्क काढून घ्यायचा सर्वात उघड प्रयत्न २०१३ साली झाला. मायक्रोसॉफ्टने मे महिन्यात एक्सबॉक्स वन जाहीर केला. त्यासोबतचे नियम असे: यंत्राने चोवीस तासांतून एकदा इंटरनेटवर हजेरी लावायची, आणि गेम दुसऱ्याला द्यायचा किंवा विकायचा तर कंपनीच्या अटींवर. १० जूनला ई-थ्रीमध्ये त्याची किंमत आली, ४९९ डॉलर. त्याच संध्याकाळी सोनीने पीएस फोर ३९९ला जाहीर केला आणि सांगितलं की डिस्क तुमची, हवी त्याला द्या. सोनीने एक छोटा व्हिडिओही काढला. प्लेस्टेशनवर गेम कसा शेअर करायचा याची ती 'पद्धत' होती. एक माणूस दुसऱ्याच्या हातात डिस्क देतो, संपला व्हिडिओ. नऊ दिवसांत, १९ जूनला, मायक्रोसॉफ्टने आपले नियम मागे घेतले.

ही कथा 'सोनी जिंकली' अशी सांगितली जाते. मला ती अपुरी वाटते. मायक्रोसॉफ्ट का नमली? सोनीचे चाहते हसले म्हणून? ते तर एरवीही हसतच होते. ती नमली कारण एक्सबॉक्स थ्री-सिक्स्टी घरात असलेले असंख्य लोक 'या वेळी आम्ही पलीकडे जातो' म्हणू लागले होते. 'काहीही झालं तरी मी एक्सबॉक्सच घेणार' असं म्हणणाऱ्या निष्ठावंताचा या माघारीत काडीचा वाटा नव्हता. त्याला त्याची डिस्क परत मिळाली ती जायला निघालेल्यांमुळे.

या कथेचा दुसरा अर्धा भाग फारसा सांगितला जात नाही. त्याच संध्याकाळी, त्याच स्टेजवरून सोनीने हेही कळवलं की पीएस फोरवर ऑनलाइन मल्टिप्लेअर खेळायला आता प्लेस्टेशन प्लसचं सबस्क्रिप्शन लागेल. पीएस थ्रीवर ते फुकट होतं. एरवी यावरून गदारोळ झाला असता. त्या दिवशी तो टाळ्यांत बुडाला. आपली बाजू जिंकते आहे या आनंदात आपल्याच खिशाला लागलेली कात्री जाणवत नाही, हा युद्धाच्या भाषेचा धंद्याला होणारा खरा फायदा.

आणि डिस्कच्या बाजूने बोलणारी सोनी म्हणजे मालकीहक्काची कैवारी, असंही नाही. पीएस थ्रीवर सुरुवातीला लिनक्स टाकता यायचं. त्याच्या जोरावर अमेरिकी हवाई दलाच्या संशोधन प्रयोगशाळेने १,७००हून अधिक पीएस थ्री जोडून एक सुपरकॉम्प्युटर उभा केला होता. १ एप्रिल २०१०च्या अपडेटने सोनीने ती सोयच काढून टाकली. लोकांनी पैसे दिलेली गोष्ट, विकल्यानंतर साडेतीन वर्षांनी, घरात येऊन काढून नेल्यासारखी. अपडेट नको म्हणायची मुभा होती, फक्त मग ऑनलाइन खेळता येत नव्हतं.

कॅन्सलच्या बटणापाशी

हे सगळं मला एका बाजूने गेमर म्हणून दिसतं आणि दुसऱ्या बाजूने नोकरीमुळे. मी ज्या प्रकारचं सॉफ्टवेअर लिहितो त्यात सबस्क्रिप्शन असतं, आणि सबस्क्रिप्शन आलं की 'चर्न' हा शब्द येतो. दर महिन्याला किती लोक सोडून गेले, त्याचा आकडा. सोमवारच्या मीटिंगमध्ये पहिला आलेख त्याचाच असतो.

या क्षेत्रात सर्रास वापरली जाणारी रचना अगदी सोपी आहे. वापरकर्त्याने 'कॅन्सल' दाबलं की एक स्क्रीन येते: थांबा, तुमच्यासाठी तीन महिने निम्म्या किमतीत. कोडमध्ये ती एक साधी अट असते. जो निघालाय त्याला सूट दाखवा. आणि जो पाच वर्षं मुकाट्याने पूर्ण पैसे भरतोय? त्याच्यासाठी अट नसते, कारण त्याच्याकडून धोका नसतो. डेटामध्ये तो 'सेफ' असतो. त्याच्या निष्ठेचं नाव तिथे तेवढंच आहे.

यात कुणी खलनायक नाही. मीटिंगमधले सगळे लोक सभ्य असतात, घरी जाऊन मुलांचा अभ्यास घेतात. पण रचनाच अशी आहे की निष्ठावंताला देण्यासारखं तिच्याकडे काही नसतं. स्पर्धेचा फायदा गिऱ्हाइकाला होतो हे खरं, पण तो जाऊ शकणाऱ्या गिऱ्हाइकामुळे होतो. बाकीच्यांना तो त्याच्यामागून मिळतो. आपण ज्याला ब्रँडवरची निष्ठा म्हणतो, ती हिशेबाच्या वहीत आपण कंपनीला दिलेली सूट म्हणून लागते.

पण निष्ठा वाईट कशी?

इथे माझ्या एका मित्राने घेतलेला आक्षेप मला महत्त्वाचा वाटतो. त्याचं म्हणणं, सगळीकडे फायदा बघून उड्या मारणारा माणूस काय कामाचा? एका गोष्टीला धरून राहण्यात माणूसपण आहे. आणि क्रिकेटमध्ये आपण एका संघाचे असतो, तसंच हे. थोडी गंमत, थोडी चिडवाचिडवी.

निष्ठा चांगली गोष्ट आहे हे मला मान्यच आहे. माझे आजोबा चाळीस वर्षं एकाच वाण्याकडून किराणा आणायचे. दोन गल्ल्या सोडून साखर स्वस्त मिळायची, तरी जायचे नाहीत. पण त्या वाण्यानेही गिरणीचा पगार अडकला तेव्हा सहा महिने उधारी दिली होती, आणि वडिलांच्या लग्नात तेलाचे डबे स्वतः पोचवले होते. तिथली निष्ठा दोन्ही बाजूंनी वाहत होती. माझ्यासाठी कसोटी ही: समोरचा कधी माझ्यासाठी स्वतःचं थोडं नुकसान सोसू शकतो का? वाणी सोसू शकत होता. शेअर बाजारात नोंदलेली कंपनी, तिच्यातली माणसं कितीही चांगली असली तरी, ठरवूनही फार काळ सोसू शकत नाही. जिथे उलट बाजूने काही येणं शक्यच नाही, तिथे निष्ठा हा शब्द वापरणं मला त्या शब्दावर अन्याय वाटतो. ती सवय असते, किंवा सोय.

आणि कंपन्या स्वतः या युद्धाकडे कसं बघतात? सेगाने यंत्रं बनवणं सोडलं त्याच वर्षी, २००१मध्ये, सॉनिक निन्टेन्डोच्या यंत्रावर धावू लागला. २००७मध्ये मारिओ आणि सॉनिक ऑलिम्पिकच्या एकाच गेममध्ये एकत्र आले. ज्या दोघांवरून अमेरिकेतल्या पोरांनी शाळेच्या मैदानांत एकमेकांच्या मैत्र्या तोडल्या असतील, ते दोघे शंभर मीटरच्या शर्यतीत शेजारी उभे राहिले. २०२५मध्ये 'फोर्झा होरायझन ५' आणि 'गिअर्स ऑफ वॉर' प्लेस्टेशनवर आले, आणि 'हेलो'सुद्धा येणार असं मायक्रोसॉफ्टने जाहीर केलं. एक्सबॉक्सचे काही कट्टर चाहते यावर खरोखर दुखावले गेले. त्यांना फसवणूक झाल्यासारखं वाटलं. पण जरा गिऱ्हाईक म्हणून बघा: चांगला गेम जास्त लोकांना खेळता येणार, यात वाईट काय आहे? ती बातमी फक्त सैनिकाला पराभवासारखी दिसते.

दरम्यान किमतींचं काय झालं तेही बघू. पीएस टू २०००मध्ये अमेरिकेत २९९ डॉलरला आला आणि २००२मध्ये १९९ला मिळू लागला. यंत्र जुनं झालं की स्वस्त व्हायचं, ही रीतच होती. या पिढीत ती उलटली. भारतात पीएस फाइव्ह नोव्हेंबर २०२२मध्ये ५४,९९०वर गेला. अमेरिकेत सिरीज एक्स ४९९ डॉलरवरून २०२५मध्ये दोन टप्प्यांत साडेसहाशेच्या घरात पोचला. पीएस फाइव्हही ५० डॉलरने वाढला. गेम पास अल्टिमेट १ ऑक्टोबर २०२५ला महिना १९.९९ डॉलरवरून थेट २९.९९ झाला. सुट्या भागांच्या किमती, आयात शुल्क अशी कारणं यामागे आहेतच. पण आपली गिऱ्हाइकं कुठे जाणार नाहीत ही खात्री असली की अशी कारणं गिऱ्हाइकाच्या खिशाकडे सरकवणं सोपं जातं, असं मला वाटतं.

एकच घेता येतं म्हणून

तरीही जो मुलगा रात्री दोन वाजता अनोळखी माणसाशी आपल्या कन्सोलसाठी भांडतो, त्याला मी मूर्ख म्हणणार नाही. ज्यांच्या घरी दोन्ही यंत्रं असतात ते सहसा भांडत नाहीत. भांडतो तो ज्याला एकच घेता आलं. त्याने वर्षभर पैसे साठवले, किंवा बाबांनी नाही नाही म्हणत शेवटी कार्ड पुढे केलं. आता ते यंत्र दुय्यम निघालं तर फक्त यंत्र दुय्यम ठरत नाही. बाबांचे पैसे वाया गेले असं ठरतं. 'एवढ्यात स्कूटीचं डाउन पेमेंट झालं असतं' म्हणणारे काका बरोबर ठरतात. तो कंपनीची बाजू लढवतच नसतो. तो घरच्यांसमोर आपल्या निवडीची बाजू लढवत असतो, फक्त शत्रू म्हणून समोर दुसऱ्या यंत्रवाला सापडतो, ज्याच्या घरीही बहुधा तशाच काकांचा तसाच टोमणा वाट बघत असतो.

त्याला एवढंच सांगावंसं वाटतं की तुझी खरेदी बरोबर ठरण्यासाठी समोरच्याची चूक ठरावी लागत नाही.

समोरच्याशी हातमिळवणी केली तर काय होतं याचंही उदाहरण आहे. जून २०१८मध्ये 'फोर्टनाइट' निन्टेन्डो स्विचवर आला. ज्यांनी आपलं खातं कधी पीएस फोरला जोडलं होतं त्यांना ते खातं स्विचवर उघडता येईना. वेगवेगळी यंत्रं असलेल्या मित्रांना एकत्र खेळता येत नव्हतं, आणि याचं कारण तांत्रिक नव्हतं. त्या वेळी ओरड फक्त एका छावणीतून झाली नाही. प्लेस्टेशनवालेही सोनीवर चिडले. सप्टेंबर २०१८मध्ये सोनीने दार उघडायला सुरुवात केली. सैनिक आपल्याच सेनापतीला जाब विचारू लागले, तेव्हा भिंत पडली.

मावसभावाला मी शेवटी तक्त्यातले आकडे बाजूला ठेवायला सांगितलं आणि तीन प्रश्न विचारले. तुझे मित्र कशावर खेळतात? घेतलेला गेम तुला उसना देता येईल का, विकता येईल का? आणि पाच वर्षांनी हे सोडून दुसरीकडे जायचं ठरवलंस तर तुझ्यासोबत काय जाईल आणि मागे काय राहील? डिस्क ड्राइव्ह नसलेलं यंत्र दहा हजारांनी स्वस्त दिसतं, पण मग प्रत्येक गेम एकाच दुकानातून, त्या दुकानाच्या किमतीला घ्यायचा, आणि तो कधीच कुणाला द्यायचा नाही. पाच हजारांच्या डिस्का संपवून अर्ध्या किमतीला विकल्या तरी चार-पाच गेममध्ये तो फरक भरून निघतो.

त्याने डिस्कवालं यंत्र घेतलं. कोणत्या कंपनीचं हे सांगत नाही, वाचणारे लगेच छावण्या करतील. त्याच्या तीन मित्रांकडे तेच यंत्र होतं हे त्यामागचं मुख्य कारण. चौघांनी ठरवलंय की एकाने एकच नवा गेम घ्यायचा आणि डिस्क फिरवायची. त्यासाठी त्यांचा व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप आहे, आणि कुणाकडे कोणती डिस्क किती दिवस पडून आहे यावरून तिथे रोज भांडण होतं.

मावशीला मी हे सगळं फोनवर सांगितलं. ती म्हणाली, "म्हणजे आमच्या भिशीसारखंच की." तिला तिचं उत्तर मिळालं होतं. पुढे तिने विचारलं की ती डिस्क वरच्या मजल्यावरच्या जोशींच्या पोराला दिली तर चालेल का, तो बिचारा सारखा दारात येऊन बघत उभा राहतो.